आठ वाजून सात मिनिटं

कुणीतरी मोडतंय! मी नाव घेत नाही, पण रोज सकाळी बरोबर आठ वाजून सात मिनिटांनी कुणीतरी आपली लाईन मोडतंय आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नाही... हे मी आमच्या दूध संघाच्या बारामतीच्या ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, टेबलावर हात आपटून बोललो. तुम्हीच सांगा, गप्प बसायला पाहिजे होतं का? अहो, अठ्ठ्याण्णव साल आहे हे, शतक संपायला आलंय, आणि आमचे दुधाचे आकडे अजून एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून येतात!

तुम्हाला सांगतो, अंथुर्ण्याला आमचं दूध थंड करायचं केंद्र आहे. आसपासच्या गावांचं दूध तिथं जमतं. किती जमलं ते साडेआठच्या आत बारामतीला कळलं, तर तेवढा मोठा टँकर निघतो. नाही कळलं, तर असेल तो निघतो, आणि उरलेलं दूध तिथंच नासतं. म्हणून मी मोडेम आणला. फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर कॉम्प्युटरशी बोलणार, दहा मिनिटांत आकडे इकडे! त्यासाठी मॅनेजर बापूसाहेबांच्या मी सहा महिने मागं लागलो होतो, शेवटी ते कंटाळून हो म्हणाले.

तिकडे यंत्रावर बसवली ज्योत्स्ना. कळंबची मुलगी, बारावी झालेली, सायकलवर येते. पहिल्या दिवशी कीबोर्डला हात लावायच्या आधी तिनं हात ओढणीला तीनदा पुसले होते, आता खिडकीबाहेर बघत टाईप करते. मीच शिकवलंय, म्हणून सांगतो. आणि दोन आठवडे झाले, लाईन रोज तुटते! बापूसाहेब मला म्हणाले, संघपाल, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर यंत्र पोत्यात बांधून परत आणा आणि त्या मुलीला सांगा, उद्यापासून येऊ नको. मुलगी चुकत असणार म्हणे! न बघता म्हणे!

मी म्हटलं थांबा. आपल्याकडे लॉग आहे. लॉग म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची रोजनिशी. कधी जोडलं, कधी तुटलं, सेकंदासकट लिहून ठेवतो. माणूस विसरेल, माणूस सावरून घेईल, लॉग खोटं बोलत नाही! काढला छापून. चांगली दहा हात लांब पट्टी निघाली. आठ-पाचला जोडलं, आठ-सातला तुटलं. परत जोडलं, आठ-बाराला तुटलं. परत जोडलं, आठ-सतराला तुटलं. रोज! आता मला सांगा, यंत्र बिघडलं तर असं घड्याळ लावून बिघडतं का?

आणि मी काही हातावर हात ठेवून बसलेलो नव्हतो. तिकडं जोडायची वेळ झाली की इकडं माझा जीव खालीवर. दोन मिनिटं थांबायचो, माझ्या मानानं ती फार झाली, आणि मग बाहेर हिंदुरावांच्या टेबलाशी जाऊन तिथल्या दुसऱ्या लाईनवरून अंथुर्ण्याला फोन लावायचो, की बाई, जातंय ना नीट? तर ज्योत्स्ना रडवेल्या आवाजात म्हणायची, सर, आत्ताच तुटली. मी म्हणायचो परत लाव. परत दोन मिनिटं थांबून फोन, परत ती म्हणणार, सर, आत्ताच तुटली. बघा कशी लबाडी! कुणीतरी माझ्या नाकासमोर मोडतंय!

हे हिंदुराव म्हणजे आमच्या फोनचे राखणदार. बाहेरगावी फोन करायचा तर त्यांच्या रजिस्टरात नोंद पाहिजे. वेळ, गाव, बोलणाऱ्याचं नाव, आणि कारण. पेन्सिल जिभेला लावून विचारणार, "कारण काय लिहू?" इथं लाईन तुटतेय आणि यांना कारण पाहिजे! मी चिडून काहीतरी सांगायचो, ते सावकाश लिहायचे.

बरं, लॉगात आणखी एक गंमत. रविवारी सगळे आकडे सुरळीत! दोन्ही रविवारी! लॉग खोटं बोलत नाही! म्हणजे मोडणारा जो कुणी आहे, त्याला रविवारी सुट्टी असते. झालं, जळोचीच्या माझ्या घरून निघालो तो लुनावर थेट अंथुर्णे, पट्टी गळ्यात उपरण्यासारखी. तिथं तात्याबा आहेत, केंद्राची देखरेख करतात, पूर्वी मेंढरं राखायचे. शेजारच्या खोलीत त्याच लाईनचा दुसरा फोन, त्यांच्या हाताशी, तो मध्येच उचलला की यंत्राचं तुटणार. मी वकिलासारखं विचारलं, तात्या, रविवारी कुठं असता? म्हातारा माझ्याकडं कीव केल्यासारखं बघत राहिला.

"आरं बाळा, मला कसली सुट्टी? म्हशीला काय ऐतवार असतोय व्हय?"

तरी मी त्यांना दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसायला सांगितलं, आणि ते बसले हो! ज्योत्स्ना सांगत होती, नाकावर माशी बसली तरी हात उचलला नाही. आणि आठ वाजून सात मिनिटांनी... तुटली.

मग टेलिफोनवाल्यांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, तुमच्या अंथुर्ण्याच्या नंबरावर ती नवी सोय चालू आहे. एक फोन चालू असताना दुसरा आला की मध्येच टूं-टूं वाजतं. माणूस असला तर जरा थांब म्हणतो, तुमचं यंत्र दचकतं आणि सोडून देतं. त्या वेळी कुणाचा तरी फोन येत असणार, बघा. आता त्या सोयीचा अर्ज कुणी हौसेनं भरला होता, ते इथं महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे की मला गुन्हेगार सापडला होता! कुणीतरी रोज आठ-सातला अंथुर्ण्याला फोन लावतंय, आणि त्याला रविवारी सुट्टी आहे, म्हणजे तो बारामतीच्या ऑफिसातलाच!

म्हणून तर ती बैठक. बापूसाहेब खुर्चीत, ज्योत्स्नाला मुद्दाम बोलावलेली, डबा मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली, आणि मी टेबलावर हात आपटून म्हटलं, कुणीतरी मोडतंय, हिंदुरावांचं रजिस्टर आणा, एका बाजूला लॉग ठेवू, एका बाजूला रजिस्टर, आणि मी स्वतः मोठ्यांदा वाचतो, कारण लॉग खोटं बोलत नाही!

वाचलं.

"सोमवार. आठ-सात. अंथुर्णे. बोलणार, संघपाल. कारण, लाईन तुटते का बघणे."

म्हटलं, ही एक चुकून. पुढची ओळ. आठ-बारा, अंथुर्णे, संघपाल, कारण, लाईन पुन्हा तुटते का बघणे. आठ-सतरा, अंथुर्णे, संघपाल, कारण, लाईन अजून का तुटते... पंधरवड्याची पानं होती हो ती! मोत्यासारखं अक्षर! वाचता वाचता माझा आवाज इतका बारीक झाला की बापूसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, "काय म्हणालात? नीट ऐकू आलं नाही." ज्योत्स्नानं डब्यामागं तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते, मला आधी वाटलं रडते. हसत होती.

हसू दे. यंत्र राहिलं, तीही राहिली. बापूसाहेबांनी तिथल्या तिथं सांगितलं, मुलगी बरोबर होती. आणि फोनच्या डायलला बारीक कुलूप आणलं, सकाळी आठ ते साडेआठ, किल्ली हिंदुरावांच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी मी त्या कुलपासमोर बसलो. आठ-पाच, जोडलं असणार. आठ-सात... तुम्हाला सांगतो, अशी दोन मिनिटं वैऱ्यावर येऊ नयेत. आठ-पंधराला आतल्या प्रिंटरनं किरकिर सुरू केली. कळंब, लिटर इतके. अंथुर्णे, लिटर इतके. सगळी गावं! मोठा टँकर निघाला! मी धावत बाहेर आलो, म्हटलं हिंदुराव, किल्ली द्या, ज्योत्स्नाला सांगायला पाहिजे, पोचलं म्हणून, एकच मिनिट...

हिंदुरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं, पेन्सिल जिभेला लावली.

"कुलूप साडेआठला निघंल, संघपालराव. तवर कारण काय लिहायचं त्ये ठरवून ठिवा."