सात म्हणजे जावई

हसा तुम्ही, पण कसिनोतली नोकरी मला जावयाने मिळवून दिली, तेही दुसऱ्याच्या!

तेव्हा मी आखातात, फुजैराला हॉटेलात वेटर होतो. नव्या कसिनोची भरती निघाली, म्हणून रूमवर फाशांचा खेळ शिकत होतो. पण एका नियमावर गाडी अडली. पहिल्याच फेकीत दोन फाशांची बेरीज सात आली, तर जिंकलात. चार, पाच, सहा असं काही आलं, तर तोच आकडा पुन्हा आणायचा, आणि त्याआधी सात आला तर हरलात!

"सात चांगला की वाईट, एकदा काय ते ठरवा ना!" मी वैतागलो.

रूममेट सावंतकाका लाँड्रीत कामाला. ते इस्त्री न थांबवता म्हणाले, "अरे, सात म्हणजे जावई. सुरुवातीलाच आला तर कोंबडी-वडे. आपण दुसरं काम काढून बसलो आणि मग टपकला, की काम खलास! माझा तस्साच आहे."

इंटरव्ह्यूला इजिप्तचा म्हातारा मॅनेजर. म्हणाला, "मी नवखा गेस्ट आहे, समजव."

पाठ केलेलं सगळं विसरलो. सरळ जावई सांगितला. म्हाताऱ्याने माझी फाईल मिटली. मला वाटलं, गेली नोकरी.

मग सुस्कारा सोडून म्हणाला, "हबीबी, माझा गेल्या ईदला आलाय, अजून गेला नाही. तू सोमवारपासून ये."