तीन ओळींचं काम

...आणि वर म्हणतात कसे, "तीन ओळींचं तर काम आहे!" तुम्हाला सांगते, ज्या माणसानं आठ महिन्यांचं बाळ एकट्यानं दुपारभर सांभाळलेलं नाही ना, त्याला जगातलं कुठलंही काम तीन ओळींचंच दिसतं. आमचे साहेब. बाळंतपणाच्या रजेनंतर माझा पहिला आठवडा, घरून काम, आणि हे फोनवर अगदी मऊ आवाजात, "अगं, तो कंपायलर मूळ कोडवरून बांधायचा आणि चार वाजेपर्यंत चालवून दाखवायचा, बस. नाही जमलं तर संकोच नको हं, तुला दुसऱ्या टीममध्ये टाकू, तिथे नुसती पत्रं टाइप करायची." आता हे ऐकून संकोच नाही करायचा तर काय नाचायचं?

कंपायलर म्हणजे काय, तर आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम. तो आयता मिळतो, पण आम्हाला हवा होता दुरुस्त्या केलेला, म्हणून घरी बांधायचा. सोबत सूचना होत्या, एक ओळ टाइप करा, दुसरी करा, तिसरी करा, झालं. केली पहिली. तर तो म्हणतो, मला बांधायला आधी एक कंपायलर लागेल... अहो, असता तर तुझ्या दारात कशाला आले असते मी? सासूबाई बाळाला मांडीवर थोपटत बसलेल्या. त्या म्हणाल्या, "त्यात काय, दही लावायला विरजण लागतंच की." म्हटलं, बरोबर आई. की लगेच, "मग पहिलं विरजण कुठून आलं गं?" आता चारच्या आत मी कंपायलर बांधू, की यांना पहिलं विरजण शोधून देऊ?

इंटरनेटवरून एक जुना, आयता कंपायलर उतरवून घेतला, दुसरी ओळ टाकली. तेव्हा कळलं, हे लोक एकच गोष्ट तीनदा बांधतात! जुन्याकडून नवा, त्या नव्याकडून पुन्हा तोच, आणि त्याच्याकडून आणखी एकदा, शेवटचे दोन तंतोतंत सारखे निघतात का ते बघायला. सासूबाई म्हणाल्या, इतका अविश्वास बरा नव्हे. मला मात्र पटलं. कारण बाळाचा ताप मी तीन थर्मामीटरनी बघते.

तिसरी ओळ टाकली आणि लॅपटॉपचा पंखा सुरू झाला. घूंऽऽ... पंखा कसला, घरात पिठाची गिरणी! आणि काय सांगू, सकाळपासून डोळ्याला डोळा न लागलेलं माझं लेकरू पाच मिनिटांत गाढ!

इकडे पडद्यावर पिवळ्या अक्षरांत इशारे. साहेब म्हणालेले, इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायचं. हे मला? लागोपाठ दोन शिंका आल्या की डॉक्टरांना फोन लावणाऱ्या बाईला? चारशे बारा इशारे वाचले हो मी. एक कळला असेल तर शपथ.

एकसष्ट टक्के, आणि चूक. काहीतरी उतरवायचं राहिलेलं. काम थांबलं, पंखा थांबला, बाळ उठलं. भोंगा. एका हातात बाळ, एका हातानं टायपिंग, पुन्हा तिसरी ओळ, पुन्हा घूंऽऽ, बाळ गाढ. पंच्याऐंशी टक्के, तर आता डिस्क भरली. पंखा थांबला, बाळ उठलं. डिस्कवर बाळाचेच अकरा हजार फोटो, त्यातले नऊ हजार झोपेतले, ते कसे पुसणार? नवऱ्याच्या लग्नाआधीच्या सहली पुसल्या. त्याला अजून माहीत नाही, तुम्ही बोलू नका.

पुन्हा घूंऽऽ. इतक्यात खालच्या मजल्यावरची बाई तणतणत वर आली, हा कसला आवाज म्हणून, कडेवर तिचं रडकं बाळ. दारात उभी राहून भांडायला तोंड उघडलं आणि बघते तर खांद्यावर मान टाकून तिचंही बाळ झोपलेलं. आली आत, बसली चटईवर, आणि दबक्या आवाजात विचारते, "किती टक्के झालं?" म्हटलं, ब्याण्णव. तर म्हणाली, "सावकाश होऊ दे गं."

चारला दहा कमी. शंभर टक्के! शेवटचे दोन्ही तंतोतंत जुळले! जमलं मला, अहो, जमलं... आणि पंखा थांबला. चार डोळे उघडले, दोन भोंगे लागले, आणि त्यात साहेबांचा फोन. त्या गोंधळातच कंपायलर चालवून दाखवला, दोन तास लागले तेही सांगितलं.

"शाब्बास, तुझी जागा पक्की! पण दोन तास? फारच जुना लॅपटॉप गं तुझा. उद्याच नवा पाठवतो. पाच मिनिटांत बांधेल. आणि पंखाच नाही त्याला, बिलकूल आवाज नाही."

खालची बाई माझ्याकडे बघायला लागली. सासूबाईंनी हळूच विचारलं, "जुना परत मागतील का?"

नाही मागितला. आता नव्यावर मी नोकरी करते, आणि जुन्यावर रोज दुपारी एक वाजता चांगला बांधलेला कंपायलर पुसायचा आणि पहिल्यापासून बांधायचा. खालची बाई पावणेएकलाच बाळ घेऊन येते. काल माझी मीटिंग लांबली, माझा जीव टांगणीला, तर सासूबाई म्हणाल्या, तू बस निवांत, मी बांधते कंपायलर. म्हटलं, आई, तुम्हाला जमेल?

"न जमायला काय झालं? तीन ओळींचं तर काम आहे."