अल्टरनेटर धडधाकट आहे

(फिलिपिन्समधलं एक गाव, भर दुपार. ईसिद्रोच्या गॅरेजसमोर शववाहिका बंद पडली आहे. मागून पायी आलेली माणसं झाडाखाली टेकली आहेत.)

रोडेल – ...आधी दिवे मंदावले, मग गाणं रडायला लागलं, मग इंजिनच गेलं. अल्टरनेटर जळलाय मिस्त्री, माझ्याकडून लिहून घ्या.

ईसिद्रो – ते मीटर सांगेल. गाडी ढकलून मागे घे, आत सावलीत.

रोडेल – मागे? आत पेटी आहे! निघालेली शववाहिका मागे घेतली, तर त्याच घरातला दुसरा जातो. आणि घर कुणाचं, ठाऊक आहे ना? आत तुमचा सख्खा भाऊ आहे.

ईसिद्रो – मी गाडी तपासतोय, पाहुणे नाही. दुसरी बॅटरी जोडली. मार स्टार्टर. हं. आता एसी लाव. दिवे. गाणं. बघ काटा, बारा व्होल्ट. तोही उतरतोय.

रोडेल – मी काय म्हणत होतो!

ईसिद्रो – कमी बोल, ॲक्सिलरेटर दाब.

रोडेल – दाबला.

ईसिद्रो – चौदा. अल्टरनेटर तुझ्यापेक्षा धडधाकट आहे. इंजिनाला डुलक्या घ्यायला लावलंस तर तो वीज कुठून आणणार? वर एसी, दिव्यांच्या माळा, आणि वरातीत शोभतील असे स्पीकर.

रोडेल – मागे माणसं पायी चालतात हो. म्हाताऱ्यांना पळायला लावू? रोज असाच नेतो, कधी अडलं नाही.

ईसिद्रो – मग आज काय झालं?

रोडेल – चर्चपासून कबरस्तान हाकेच्या अंतरावर. आज म्हणे बाजारातून घ्या, मग कालव्यावरून, मग गॅरेजवरून. केव्हाचा रांगतोय मी.

ईसिद्रो – असं कोण म्हणालं?

पुरिता – मी म्हणाले, भाऊजी.

ईसिद्रो – वहिनी. उन्हात कशाला उभ्या राहिलात?

पुरिता – जागराच्या सगळ्या रात्री दाराकडे बघत बसले. पेटीशेजारी जागं राहायला अख्खा गाव आमच्याकडे पत्ते खेळून गेला, तुम्ही नाही आलात. म्हटलं, तुम्ही येत नाही तर ह्यांनाच तुमच्या दारावरून नेते.

ईसिद्रो – तुमच्या तेबानने माझा कोंबडा खाल्ला.

रोडेल – झुंजीतला?

ईसिद्रो – जिंकून आलेला. त्याचा तिनोला केला. आलं, कच्ची पपई, सगळं घालून.

पुरिता – हरलेला समजून कापला हो. आणि रस्सा तर मी केला होता. माझ्याशी बोलता की!

ईसिद्रो – तुम्ही माफी मागितलीत.

पुरिता – तेही मागणारच होते. दर रविवारी निघायचे. तुमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव घ्यायचे आणि परत यायचे. म्हणायचे, गॅरेज बंद होतं.

ईसिद्रो – रविवारी मी उघडं ठेवतो.

पुरिता – त्यांना माहीत होतं.

रोडेल – मिस्त्री, फादर तिकडे ताटकळलेत. त्यांना संध्याकाळी दुसऱ्या गावाला जायचंय. मी काय करू ते सांगा.

ईसिद्रो – एसी बंद. दिवे बंद.

रोडेल – गाणं?

पुरिता – गाणं राहू द्या. ते त्यांनीच सांगून ठेवलंय.

ईसिद्रो – राहू दे. काटा उतरला की गाडी न्यूट्रलला टाकून ॲक्सिलरेटर दाबायचा.

रोडेल – रस्ता बघू की काटा?

ईसिद्रो – तू रस्ता बघ. काटा मी बघतो.

पुरिता – मग पुढे बसा ना भाऊजी, जागा आहे.

ईसिद्रो – नको. खिडकीतून दिसतो मला. मी बाजूने चालतो.

रोडेल – आता जरा दामटतो मिस्त्री. वेगात घेतली की बॅटरीही भरेल, वेळही भरून निघेल.

ईसिद्रो – नको. हळूच ने. बंद पडली तर मी ढकलेन.