पक्क्या वहीतला समुद्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संचालक माननीय वैजनाथराव, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, सत्कारमूर्ती मैनाताई पोकळे, धायरीहून टेम्पो करून आलेली त्यांची सगळी मंडळी, माझे सहकारी आणि चहा कधी मिळणार याचा अंदाज घेत बसलेले श्रोतेहो,

मी अनंत बापट, रसायन विभागाचा प्रमुख. मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्याकडे बघून 'दहाच' असं दोनदा सांगितलंही आहे.

पुण्यात समुद्र नाही, आणि त्यावाचून कुणाचं अडल्याचं ऐकिवात नाही. तरी दर जानेवारीत रत्नागिरीच्या समुद्रातल्या एकाच ठरलेल्या जागेवरून आमच्या प्रयोगशाळेत चोवीस बाटल्या पाणी येतं. १९८४ पासून, म्हणजे गेली बावीस वर्षं, त्या बाटल्या मैनाताईंनीच उघडल्या. आत हवेचा बुडबुडा दिसला की बाई ती बाटली बाजूला ठेवायच्या. का? हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि पाणी आम्लाकडे सरकतं. तेच अख्ख्या समुद्राचं होत आहे. आपल्या गाड्यांचा, कारखान्यांचा धूर तो मुकाट्यानं गिळतो आणि त्याचा पीएच उतरत जातो. पुस्तकात तो आठ पॉइंट दोन दिलेला असतो. पॉइंट एकानं उतरला तर एवढं काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. शिंपल्याला कवच बांधणं जड जातं, हे बिघडलं.

आता आमच्या विभागाची एक पद्धत सांगतो. ती मीच पाडली. पीएच मीटरनं दाखवलेला आकडा आधी कच्च्या कागदावर लिहायचा, मला दाखवायचा, मी होकार दिला की पक्क्या वहीत उतरवायचा. पक्क्या वहीत खाडाखोड नको, एवढाच हेतू. अक्षर बाईंचं, सही माझी.

१९९१ साली बाईंनी कागद आणला. सरासरी आठ पॉइंट चौदा. मी म्हटलं, "मीटर थकलाय. पॉइंट शून्य पाच मिळवा आणि लिहा."

बाई म्हणाल्या, "साहेब, ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे त्या द्रावणाला तर बरोबर दाखवतोय की."

मी म्हटलं, "पुस्तक तुम्ही वाचलंय की मी?"

हे वाक्य मी बोललो. आज पंधरा वर्षांनी, एवढ्या लोकांसमोर उच्चारताना मला लाज वाटते आहे. मी सांगितलं तसं बाईंनी लिहिलं. पुढच्या वर्षीही मिळवलं, त्याच्या पुढच्याही. देशाची दारं उघडली, आम्हालाही परदेशी मीटर मिळाला. त्यानं आणखी खाली दाखवलं. तेव्हा तरी कबूल करायचं की नाही? पण तोवर 'अरबी समुद्राचं स्थैर्य' हा माझा शोधनिबंध छापून आला होता, त्यावर बढती मिळाली होती. मी जास्त मिळवायला सांगितलं. आणि ते कच्चे कागद? दर दिवाळीत विभागाची साफसफाई होते. माझ्या सहीनं ते रद्दीत गेले; कोणत्या वर्षी किती मिळवलं, याची दुसरी नोंद नाही.

मागच्या आठवड्यात आपला शुभंकर, हिंजवडीतल्या कंपनीतून येऊन ज्यानं आपल्या वह्या कॉम्प्युटरवर चढवून त्यांची सीडी केली, त्यानं मला आलेख दाखवला. "सर, सी किती स्टेबल आहे बघा! एकदम स्ट्रेट लाइन!" मी मान डोलावली. तो गेल्यावर बाई मीटर पुसता पुसता म्हणाल्या, "साहेब, उद्या ही सीडी परदेशात जाईल. लोक म्हणतील, समुद्राला काही झालं न्हाय. पण रेघ तुमची हाय ती, समुद्राची न्हाय."

१९९१ नंतर पंधरा वर्षांत त्या मला याबद्दल एवढंच बोलल्या. त्या दिवसापासून मला धड जेवण गेलेलं नाही.

अध्यक्ष महाराज, समोरच्या तबकात रेशमी फीत बांधून ती सीडी ठेवली आहे. माझ्या भाषणानंतर आपल्या हस्ते तिचं प्रकाशन आहे. माझी हात जोडून विनंती आहे, ती फीत सोडू नका. तिच्यातली १९९१ पासूनची पीएचचा रकाना खोटा आहे आणि तो मी केला आहे. वैजनाथराव, माझ्याकडे असं पाहू नका, लेखी पत्र आपल्या टेबलावर ठेवूनच मी इथे आलो. पाणी बदलतं आहे हे नक्की. या पंधरा वर्षांत ते कोणत्या वेगानं बदललं, हे मात्र आता कुणालाही सांगता येणार नाही. ती पंधरा वर्षं पुन्हा मोजता येत नाहीत.

मैनाताई, आज जानेवारीची एकतीस तारीख, तुमचा नोकरीतला शेवटचा दिवस. सकाळी तुम्ही नेहमीप्रमाणे कच्चा कागद माझ्या टेबलावर ठेवलात. तो माझ्या खिशात आहे. आठ पॉइंट शून्य नऊ. शाल-श्रीफळ अध्यक्ष देतीलच. मी हा कागद परत देतो आणि पक्की वही आणली आहे, ती तुमच्यापुढे ठेवतो. मीटरनं दाखवलं तेच लिहा. अक्षर तुमचं आणि या वेळी सहीही तुमचीच.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात वेळ जास्त घेतला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर तेवढ्यापुरती क्षमा करा. बाकीची मी मागत नाही. बाई, पेन घ्या.