आधी तेल, मग फूल

दसऱ्याला गाडीला फूल वाहायच्या आधी मी तेल का बघतो, ते सांगतो. तेव्हा मी दक्षिण गोलार्धात, डोंगरावरच्या एका स्की रिसॉर्टच्या वर्कशॉपमध्ये होतो; तिकडे हिवाळा दसऱ्याच्या सुमारास संपतो. बर्फाचा सीझन संपला की स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावरच्या गाडीच्या, चेनकेसमधलं, साखळीच्या डब्यातलं, तेल बदलायचं. मी जुनं तेल काढलं, बोल्ट आवळला, मशीन लख्ख पुसलं. दसराच होता, म्हणून कुंकू लावलं, फूल वाहिलं.

ग्रेग, आमचा म्हातारा मेकॅनिक, आला आणि त्याने डिपस्टिक, तेल मोजायची पट्टी, काढून बघितली. कोरडी ठणठणीत. नवं तेल भरायचंच राहिलं होतं.

तो ओरडला नाही. “मेट, जखमी माणसं आपण याच्यावरून खाली आणतो,” एवढंच म्हणाला आणि फूल उचलून माझ्या हातात दिलं. “आधी तेल.”

मी तेल भरलं, फूल परत वाहिलं. तेव्हा ग्रेगने टोपी काढली.