छबूबाईंचा धडा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळीचे ज्येष्ठ वडील माननीय यशवंतराव साळवे. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळक रेव्हरंड शांतवन कसबे. एवढी भाषणं होऊनही एकदासुद्धा घड्याळाकडे न पाहिलेल्या पाळकीणबाई. पाळकसाहेबांना त्यांच्या नव्या मंडळीत न्यायला जालन्याहून आलेले पाहुणे, ज्यांच्याकडे आम्ही सकाळपासून फारशा प्रेमानं बघत नाही, त्याबद्दल त्यांनी राग मानू नये. आणि दापोडीपासून चाकणपर्यंतच्या माझ्या बंधुभगिनींनो, त्यातही रात्रपाळी करून थेट इथे आलेल्या आणि आता माझ्या भरवशावर डुलकी काढू पाहणाऱ्या बंधूंनो, सर्वांना जय ख्रिस्त.

मी विजयश्री रणनवरे, महिला मंडळाची सेक्रेटरी. अध्यक्षांनी मला फोनवर सांगितलं, "विजयश्रीबाई, थोडक्यात बोला आणि शेवटी धडा सांगा." थोडक्यात बोलणं माझ्या हातून होत नाही हे त्यांना ठाऊक आहे, तरी ते आशा सोडत नाहीत, याला म्हणतात विश्वास. पण धडा? पाळकसाहेब आपल्याला सोडून चाललेत, यात प्रभू आपल्याला काय शिकवतो, हे मी सांगायचं. आठवडाभर शोधतेय, सापडत नाही. त्यात माझ्या सासूबाई, छबूबाई, त्या बघा दाराजवळच्या खुर्चीत मांडीवर गाठोडं घेऊन बसल्यात, त्यांनी मला घरीच बजावलं, "ह्ये का चाललेत त्याचा धडा सांगनार आसशील तर यीन. न्हाईतर मला न्हाई यायचं निरोपाबिरोपाला." त्या आल्या आहेत. म्हणजे माझी किती पंचाईत झाली ते लक्षात घ्या.

जालन्याच्या पाहुण्यांना सावध करते. तुम्ही ज्यांना नेताय, त्यांना कुठल्याही संकटात धडा दिसतो. स्कूटर पंक्चर झाली, धडा. दिवसाआड पाणी आलं, धडा. एका नाताळात तरुण संघाच्या नाटकात पूर्वेचा तारा वरून निसटून मेंढपाळाच्या डोक्यात पडला. तारा पुठ्ठ्याचा नव्हता. आमच्या मंडळीत निम्मे लोक वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांमधले, त्यांनी तो चांगल्या जाड पत्र्याचा बनवला होता. मेंढपाळ होता आपला रणजीत. त्याला टाके घालून परत आणला, तर पाळकसाहेब म्हणाले, "प्रकाश ज्याच्यावर पडतो, त्याला थोडं लागतंच." रणजीत म्हणाला, "पाळकसाहेब, पुढच्या वर्षी मला उंट करा."

याच रणजीतनं चाकणला घर घेतलं. समर्पणाच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांना बोलावलं. आता दापोडीच्या थांब्यावर सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या लागतात. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांच्या काचेवर ठिकाणाच्या नावाचा कागद, आणि पाळकसाहेबांचा चष्मा घरी. बसमधला एक भाऊ सरकून बसला, एसी गार होता, साहेबांना झोप लागली. जाग आली ती भलतीकडेच, माण गावात, आयटी पार्कच्या फाटकात. वॉचमननं कार्ड मागितलं. यांनी पवित्र शास्त्र दाखवलं. तो म्हणाला, "काका, ह्याच्यावर फोटो नाही."

इकडे चाकणमध्ये आम्ही पाहुणे ताटकळत बसलेलो. दुपारी हे घामाघूम होऊन पोचले. कोणाला वाटेल, आता तरी आधी जेवतील? नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "अंगावर लग्नाचा पोशाख नव्हता म्हणून ज्याला मेजवानीतून बाहेर काढलं, तो प्रभूनं सांगितलेल्या दाखल्यातला पाहुणा मला आज कळला. बिचाऱ्याच्या गळ्यात कार्ड नव्हतं." आणि त्यावर चांगला अर्धा तास बोलले. रणजीत माझ्या कानात म्हणाला, "ताई, धडा गरम आहे, पण बिर्याणी गार झाली."

आता माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या शेवगावकडच्या. दापोडीला येऊन त्यांनी आणि सासऱ्यांनी, कोंडाजींनी, कांद्याबटाट्याचं दुकान टाकलं. त्या मंडळीत नव्या होत्या तेव्हा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, "पुढच्या रविवारी प्रत्येकानं आपल्या आयुष्यातला एक धडा घेऊन यायचा." कोणी आजारपण आणलं, कोणी सुटलेली नोकरी आणली. सासूबाई उठल्या, पुढे गेल्या, आणि पदराखालून एक काळा दगड काढून वेदीसमोरच्या टेबलावर ठेवला. "ह्यो घ्या माझा धडा. सासूच्या वेळचा हाय."

तरुण मंडळी इलेक्ट्रॉनिक काट्यावरची, म्हणून सांगते. हातातल्या तागडीच्या एका पारड्यात रिकामी टोपली ठेवली की ते खाली जातं. मग तेवढ्याच वजनाचा दगड समोरच्या पारड्यात ठेवून काटा सरळ करतात. त्या दगडाला धडा म्हणतात. सासूबाईंना धडा म्हणजे तेवढाच माहीत. शाळेतल्या धड्याशी त्यांची कधी गाठ पडली नाही.

त्या दिवशी पाळकसाहेब एवढे हसले की उपासना थांबली. मग म्हणाले, "मावशी, हा इथंच राहू द्या." सासूबाईंनी दगड उचलून परत पदराखाली घातला. "उद्या बाजार हाय. धडा तुमाला दिला तर कांदं कशावर मापू?"

करोनानंतरच्या वर्षी माझे सासरे गेले. दुकानात टोपली भरता भरता गेले. पाळकसाहेब घरी आले आणि मला धडकी भरली. म्हटलं, आता धडा येणार. आज यांनी धडा सांगितला तर मी यांना चहासुद्धा देणार नाही, असं ठरवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. सासूबाईंनीच विचारलं, "पाळकसाहेब, ह्यात काय धडा हाय?"

ते सासूबाईंच्या समोर जमिनीवर बसले. मग म्हणाले, "मावशी, मला नाही कळत."

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि सासरे ज्यावर बसायचे त्या उलट्या क्रेटवर, सासूबाईंच्या समोर, जाऊन बसले. पावसाळा संपेपर्यंत सवड मिळेल तेव्हा बसत राहिले. टोपल्या भरायचे. इतक्या वाईट भरायचे की दापोडीतलं प्रत्येक गिऱ्हाईक पिशवीत कांदे जास्तीचे घेऊन जायचं, आणि सासूबाई ओरडायच्या, "पाळकसाहेब, परमेसराची दया मापात घाला!" सासरे गेल्यापासून त्या पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलत होत्या. त्या दुकानात पाळकसाहेबांनी एकदाही उपदेश केला नाही. तिथे धडा कोणता होता, हे मला आजही विचाराल तर मी त्या क्रेटकडे बोट दाखवीन.

तर अध्यक्षमहाराज, हे का चाललेत, यातला धडा मला सापडलेला नाही. आई, तुम्हाला दिलेला शब्द मी पाळू शकत नाही. मला रडू येतंय एवढंच मला कळतंय, आणि तो काही धडा नव्हे.

पण आज सकाळी मी त्यांना विचारलं होतं, "आई, गाठोड्यात काय घेतलंय?" म्हणाल्या, "दगुड. पाळकसाहेबांना द्याया." मी म्हटलं, "अहो, मग उद्या कांदे कशावर मापणार?" तर रविराजनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा त्यांनी मला दाखवला. त्या काट्याला त्या अजून 'ते टीव्हीवालं' म्हणतात आणि त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मी म्हटलं, "मग देताय कशाला?"

म्हणाल्या, "आगं, ते सगळ्यांच्या म्होरं जाऊन बसत्यात. जालन्याला त्यांच्या म्होरं कोन बसंल?"

व्यासपीठावरचे मान्यवर, जेवणाची व्यवस्था बघणारा तरुण संघ आणि एवढा वेळ मला सहन करणारे तुम्ही सगळे, यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात माप इकडेतिकडे झालं असेल तर पदरात घ्या, आमच्या दुकानाची तीच रीत आहे. जालन्याच्या पाहुण्यांनो, सामानात हा दगड खाली ठेवू नका, हातात धरा.

आई, या पुढं. आता तुम्हीच द्या.