निनादच्या कमरेचा दोर

चहा जरा निवू द्या, आधी निनादचं ऐका. शेजारच्या कुंदावहिनींचा हा मुलगा समुद्रात खोल बुड्या मारायच्या नोकरीवर आहे. सुट्टीला निर्मळला, आपल्या गावी, आला आणि नवं यंत्र तपासायला वाडीतल्या बावखलात, म्हणजे आमच्या तळ्यात उतरायला निघाला.

"काकू, यात सोडलेलाच श्वास शुद्ध होऊन परत मिळतो. वर बुडबुडे दिसणार नाहीत."

"मग तू धड आहेस हे मला कळायचं कसं?"

"ऑक्सिजन कमी झाला तर मनगटावरची स्क्रीन सांगते."

मला काही राहवेना. रहाटाचा दोर त्याच्या कमरेला बांधलाच. मी ओढला की त्यानेही ओढायचा, असं ठरलं. तीनदा उत्तर आलं, चौथ्यांदा नाही. मी आणि वहिनींनी खेचून त्याला काठावर आणलं, तर ओठ निळे! तोंडातली नळी काढली, तेव्हा कुठे खोकला आणि डोळे उघडले. स्क्रीनवर मात्र अजून सगळं ठीक. ऑक्सिजनचा आकडा जागचा हललाच नव्हता.

वहिनी रडता रडता हसल्या. "जन्मभर तुमच्या चौकशांना वैतागले हो मी!"

परवा तो यंत्र दुरुस्त करून पुन्हा उतरला. यंत्र चढवायच्या आधी दोर माझ्या हातात दिला.

"काकू, आज दर मिनिटाला चौकशी करा."